डोंगर, दर्या आणि शनिवार-रविवार

३० जून २०२४. लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या ओढ्यात पुण्याहून आलेले एक कुटुंब प्रवाहाच्या मधोमध एका खडकावर एकमेकांना घट्ट धरून उभे होते. पाणी चढत गेले, धरलेले हात सुटले आणि एक महिला व चार मुले वाहून गेली. काठावरच्या लोकांनी मोबाइलवर टिपलेले ते चित्रण पुढचे कित्येक दिवस राज्यभर पाहिले गेले. वर्ष उलटायच्या आत, १५ जून २०२५ला, तळेगावजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पादचारी पूल माणसांच्या भाराने कोसळला. त्यात चौघांचा जीव गेला, पन्नासहून अधिक जणांना बाहेर काढावे लागले. दोन्ही दिवस रविवारचे होते.

या दोन्ही ठिकाणी कुणी धाडस करायला गेलेले नव्हते. कडा चढायचा नव्हता, दरीत उतरायचे नव्हते. घरातली माणसे पाऊस बघायला बाहेर पडली होती. सह्याद्रीतली जोखीम पूर्वी गिर्यारोहकाची असे. तो दोर घेऊन, तयारी करून जात असे. आता ती जोखीम डबा घेऊन सहलीला निघालेल्या कुटुंबापर्यंत येऊन पोहोचली आहे, आणि शनिवार-रविवारच्या भटकंतीचा विचार तिथूनच सुरू करावा लागतो.

मुंबई, ठाणे, पुणे आणि नाशिक या शहरांच्या भोवती दोन दिवसांत जाऊन येण्याजोगे जे काही आहे ते भारतातल्या फार थोड्या शहरांच्या वाट्याला आले आहे. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला सह्याद्रीची भिंत, दोघांच्या मध्ये कोकणची चिंचोळी पट्टी. साडेतीनशेच्या वर किल्ले, शेकडो घाटवाटा, लेण्या, धरणांचे जलाशय. जुलै २०२५मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना युनेस्कोच्या जागतिक वारशाचे स्थान मिळाले, त्यांतले अकरा महाराष्ट्रात आहेत: साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग. बारावा तमिळनाडूतला जिंजी. म्हणजे जागांची चणचण मुळीच नाही.

चणचण आहे ती गर्दी विखुरण्याची. शनिवारी रात्री दादर, ठाणे आणि शिवाजीनगरहून सुटणाऱ्या बसगाड्या बघितल्या तर पाट्यांवर नावे तीच ती: कळसूबाई, हरिहर, हरिश्चंद्रगड, कलावंतीण, देवकुंड, अंधारबन, राजमाची, लोहगड. यांतली बहुतेक ठिकाणे फार मोठी गर्दी पेलण्यासारखी नाहीतच. त्र्यंबकेश्वरजवळच्या हरिहरचेच बघा. गडाच्या माथ्याकडे जाणारा कातळकोरीव जिना जवळजवळ उभा आहे, रुंदी एका माणसापुरती, आणि दोन्ही कडांना हात रोवण्यासाठी कोरलेल्या खोबण्या. चढणाऱ्याला आणि उतरणाऱ्याला जिना एकच. शत्रूला एकेकट्याने वर यावे लागावे म्हणूनच तो तसा कोरला आहे. पावसाळी रविवारी त्याच जिन्यावर शंभर जण वर निघालेले आणि तितकेच खाली येऊ बघणारे समोरासमोर अडकतात, पायऱ्यांवर चिखल, खोबणीत आधीच दुसऱ्याचा हात. जुलै २०२३मध्ये लोहगडावर अशीच कोंडी झाली. दरवाजांच्या वळणदार मार्गात माणसे तासन् तास खोळंबली. गडांचे दरवाजे गर्दी अडवण्यासाठीच बांधलेले असतात, हे त्या दिवशी सगळ्यांना कळले.

अकोले तालुक्यातल्या बारी गावातून कळसूबाईवर चढणाऱ्यांचेही तेच. १६४६ मीटर उंचीचे हे राज्यातले सर्वोच्च शिखर असल्यामुळे ‘एकदा तरी’ म्हणून सगळ्यांनाच तिथे जायचे असते. सूर्योदय गाठायचा म्हणून मध्यरात्री विजेरीच्या उजेडात चढाई सुरू होते आणि लोखंडी शिड्यांपाशी रांगा लागतात. पंचक्रोशीतली माणसेही नवरात्रात देवीला शिखरावर जातात आणि तेव्हाही गर्दी होतेच. पण वाटेवरचा कुठला दगड हलतो, कुठे थांबू नये, हे त्यांना पाठ असते. शहरातून आलेल्या चाळीस जणांच्या गटात हे माहीत असणारा कधी एक असतो, कधी एकही नसतो.

इथेच या सगळ्या बदलाचा गाभा आहे. पन्नास वर्षांपूर्वी डोंगरात जाणारा माणूस एसटीने शेवटच्या फाट्यावर उतरायचा, गावात कुणाच्या तरी ओटीवर पथारी टाकायचा आणि पहाटे त्याच घरातला कुणी वाटाड्या म्हणून पुढे निघायचा. हाताशी पुस्तके होती. गो. नी. दांडेकरांनी दोन पिढ्यांना गडांचे वेड लावले, हरीश कपाडियांनी सह्याद्रीच्या वाटा पुस्तकात बांधून दिल्या. तरीही खिंडीपलीकडची वाट विचारायला गावच लागायचे. गावातून गेल्याशिवाय डोंगर चढताच येत नसे. आता मोबाइलमधली रेघ गाडीतळावरून थेट पायथ्याला नेते आणि गाव बाजूला राहते. रेघ चुकीची असतेच असे नाही, बहुतेकदा बरोबरच असते. पण ती जागा सांगते, वेळ सांगत नाही. ओढा आज ओलांडावा की नाही, हे तिच्यात नसते.

आणि सह्याद्रीत सगळे वेळेवरच ठरते. घाटमाथ्याचा दगड काळा बेसॉल्ट, उतार तीव्र, माती पातळ. पडलेला पाऊस मुरायला जागाच नाही, तो तसाच खाली धावतो. २५ जुलै २०२४ला ताम्हिणी घाटात चोवीस तासांत ५५६ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. अशा दिवशी खाली रायगड जिल्ह्यात, भिऱ्याजवळच्या देवकुंडाच्या डोहात ऊनही पडलेले असू शकते. डोहात उतरलेल्याला वर काय कोसळते आहे ते दिसत नाही. जंगलात गुरे चारणाऱ्याला मात्र आधी कळते. नितळ पाणी अचानक गढूळ होते, काठाचा पालापाचोळा आणि काटक्या प्रवाहात येऊ लागतात, वरून येणारा आवाज जड होतो. त्यानंतर हाताशी मिनिटे उरतात, तास नव्हेत. सामानाचा मोह सोडून ज्या काठावर परतीची वाट आहे त्या काठावर चढायचे, हा एकच मार्ग. साम्रद गावाजवळच्या सांदण दरीत तर दोन्ही बाजूंना कातळाच्या उभ्या भिंती, चढायला काठच नाही. म्हणून पावसाळ्यात तिकडे पाऊलही टाकायचे नसते.

समुद्राचेही शास्त्र असेच वेळेचे आहे आणि ते डोंगराहून अधिक दुर्लक्षित आहे. कोकणातल्या कोळ्याला घड्याळाआधी तिथी लागते. हिशोब अगदी साधा: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीनच्या आणि पहाटे तीनच्या सुमारास भरती, आणि त्यांच्या मधोमध, नऊच्या आसपास, ओहोटी. अष्टमीला भरती सहाला, पौर्णिमा-अमावास्येला साधारण सव्वाअकराला. वेळ रोज पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकते, त्यामुळे हिशोब ढोबळ आहे, पण सहलीचा बेत आखायला पुरेसा आहे. पौर्णिमा-अमावास्येचे ते उधाण, तेव्हा पाणी सर्वाधिक चढते आणि सर्वाधिक ओसरते. अष्टमीच्या आसपासची ती भांगाची भरती, तेव्हा चढ-उतार कमी.

आता हे अलिबागला लावून बघावे. कुलाबा किल्ला ओहोटीला चालत गाठता येतो, घोडागाड्याही पाण्यातून जातात. मुंबईहून सकाळी निघालेले कुटुंब किनाऱ्यावर पोहोचते साधारण दहा-साडेदहाला. त्या दिवशी पौर्णिमा असेल तर समुद्र भरत आलेला असतो आणि किल्ल्याची वाट केव्हाच बुडालेली असते. तिथी वेगळी असेल तर वाट उघडी मिळते, माणसे आनंदाने किल्ल्यात जातात, आंग्रेकालीन गणपतीचे दर्शन घेतात, तटावर फोटो काढत रमतात आणि परत निघेपर्यंत गुडघ्याचे पाणी कमरेला येते. किल्ल्यात अडकलेल्यांना होडीने बाहेर काढल्याच्या बातम्या अधूनमधून येत राहतात. किनाऱ्यावर, वाट सुरू होते तिथे, रोज सकाळी खडूने त्या दिवसाच्या भरती-ओहोटीच्या वेळा लिहिलेला मोठा काळा फळा हवा. त्याला खर्च जवळजवळ नाही.

फेब्रुवारी २०१६मध्ये मुरुडच्या किनाऱ्यावर सहलीला आलेले पुण्याचे चौदा विद्यार्थी बुडाले. तो किनारा दिसायला शांत आहे आणि कोकणातले बहुतेक किनारे तसेच दिसतात. धोका असतो तो आत परतणाऱ्या पाण्याच्या ओढीत. लाटांनी किनाऱ्याला आणून टाकलेले पाणी एखाद्या चिंचोळ्या पट्ट्यातून जोराने मागे फिरते, पायाखालची वाळू सरकते आणि कमरेएवढ्या पाण्यातला माणूस बघता बघता खोलात जातो. अशा ओढीविरुद्ध सरळ किनाऱ्याकडे हात मारत राहिले की दम तुटतो. किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्यातून बाहेर पडायचे. पोहता येत नसेल तर उताणे तरंगत राहून हात वर करायचा आणि ओरडायचे. गणपतीपुळ्यासारख्या ठिकाणी तर वाळूचा उतारच तीव्र आहे. तिथे दर्शनानंतर पाय भिजवायला गेलेले लोकही ओढले गेले आहेत.

गोव्याने या प्रश्नाचे उत्तर २००८मध्येच शोधले. किनाऱ्यांवर पगारी, प्रशिक्षित जीवरक्षकांची फळी उभी केली, मनोरे बांधले, पोहण्याची सुरक्षित जागा आणि बंदीची जागा दाखवणारे झेंडे लावले. महाराष्ट्रात अजून हे काम गावोगावच्या ग्रामपंचायतींच्या ऐपतीवर चालते. कुठे दोन जीवरक्षक असतात, कुठे शिट्टीही नसते. एवढा मोठा किनारा आणि एवढे पर्यटक असलेल्या राज्याला हे शोभत नाही, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. जलक्रीडांसाठी निदान दिनदर्शिका आहे: २६ मे ते ३१ ऑगस्ट त्या बंद असतात. पण २४ मे २०२२ला, हंगाम संपायला दोन दिवस उरलेले असताना, तारकर्लीला स्कूबा डायव्हिंगहून परतणारी होडी उलटली आणि दोन पर्यटक दगावले. समुद्र काही तारीख बघून खवळत नाही, त्यामुळे दिनदर्शिकेच्या जोडीला त्या त्या सकाळचा निर्णयही लागतोच.

तंबूंच्या मुक्कामाची गोष्ट वेगळी आहे. तिथे प्रश्न जिवाचा कमी आणि पाण्याचा जास्त. लोहगड, विसापूर, तुंग आणि तिकोना यांच्या मधोमध पसरलेल्या पवना जलाशयाच्या काठी गेल्या काही वर्षांत तंबूंच्या वसाहती उभ्या राहिल्या. संध्याकाळी भजी-चहा, रात्री शेकोटी आणि बार्बेक्यू, सकाळी पोहे, बरोबर मोठ्या आवाजातली गाणी. त्यातून मावळातल्या तरुणांच्या हाती पैसा आला, आणि धरणात जमिनी गेलेल्या गावांसाठी ही साधी गोष्ट नाही. पण पवना धरण पिंपरी-चिंचवडला पिण्याचे पाणी पुरवते. काठावरच्या शौचालयांचे आणि स्वयंपाकघरांचे सांडपाणी कुठे जाते, हा प्रश्न तंबूत राहायला आलेल्यांनीच पहिल्यांदा विचारायला हवा, कारण त्यांतल्या पुष्कळांच्या घरी नळाला तेच पाणी येते. आरक्षण करताना लोक तलाव किती जवळ आहे ते विचारतात. खरे तर तंबू आणि शौचालये पाण्यापासून जितकी दूर, तितकी ती जागा चांगली म्हणायची.

काजव्यांच्या मुक्कामांनाही हेच लागू आहे. मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत भंडारदरा, घाटघर आणि राजमाचीच्या रानात हिरडा, बेहडा, ऐन, जांभूळ अशी झाडे लुकलुकत असतात. ती लुकलुक म्हणजे नर-माद्यांनी एकमेकांना दिलेला इशारा. गाड्यांच्या प्रखर दिव्यांत आणि मोबाइलच्या विजेऱ्यांत तो हरवतो आणि काजव्यांचा विणीचा मोजका काळ वाया जातो. गाडी गावात ठेवून, दिवे विझवून, वाटाड्याबरोबर अर्धा तास चालत गेले की पर्यटकालाही अधिक दिसते.

गर्दीला शिस्त लावता येते, याची उदाहरणे राज्यातच आहेत. साताऱ्याजवळच्या कास पठाराला २०१२मध्ये, पश्चिम घाटातल्या इतर स्थळांबरोबर, जागतिक वारशाचा दर्जा मिळाला आणि फुलांच्या हंगामात माणसांचा लोंढा सुरू झाला. वन विभाग आणि आसपासच्या गावांच्या समितीने दिवसाला तीन हजार पर्यटकांची मर्यादा घातली, ऑनलाइन आरक्षण आणि शुल्क आणले, गावातली मुले-मुली मार्गदर्शक म्हणून उभी केली. चुकाही झाल्या. पठाराला घातलेल्या तारेच्या जाळीने गुरांची ये-जा थांबली, गवत माजले, फुलांवर परिणाम झाला असे अभ्यासकांनी दाखवून दिले आणि जाळी पुढे काढण्यात आली. पण मोजून माणसे सोडण्याची पद्धत टिकली. जे कासला जमते ते हरिहरच्या जिन्यावर का जमू नये?

वेळासचा धडा आणखी मोलाचा आहे. मंडणगड तालुक्यातल्या या गावात चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने २००२पासून ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांचे संरक्षण सुरू केले. पूर्वी अंडी चोरीला जायची. आता रात्री घातलेली अंडी पहाटे गस्तीवरचे कार्यकर्ते वाळूतून काढून कुंपणाच्या आत त्याच खोलीच्या खड्ड्यात पुरतात. पन्नासेक दिवसांनी पिल्ले वर येऊ लागतात. खड्ड्यांवर टोपल्या पालथ्या घातलेल्या असतात. सकाळी आणि संध्याकाळी कार्यकर्ता एकेक टोपली उचलतो, निघालेली पिल्ले मोजतो आणि समुद्रापासून काही अंतरावर वाळूत सोडतो. तळहातात मावेल एवढे काळपट पिल्लू स्वतःच्या पायांनी पाण्याकडे सरपटत निघते. पर्यटक दोरीच्या मागे उभे असतात, फ्लॅश बंद. मुक्काम गावातल्या घरांमध्ये, जेवण घरचे. पिल्ले कधी निघतील याचा नेम नसतो, काहींना एकही न बघता परतावे लागते. तरी त्यातले बरेच जण पुढच्या वर्षी पुन्हा येतात. ना मोठे हॉटेल, ना डीजे. इथे पाहुण्याचे वेळापत्रक कासवाच्या वेळापत्रकाला जुळवून घेते, त्यामुळे कासवही टिकले आणि गावाचे उत्पन्नही.

वेळासमध्ये आणि कासला जे साधले, त्याच्या मुळाशी गावच आहे. डोंगरातल्या गावाचे मोल काय असते, ते १९ जुलै २०२३च्या रात्री इर्शाळवाडीने दाखवले. खालापूर तालुक्यातली ही ठाकरवाडी इर्शाळगडाच्या वाटेवरच होती. गडावर जाणारे तिथेच पाणी प्यायचे, जेवायचे, वाट विचारायचे. त्या रात्री डोंगर वाडीवर कोसळला. २७ मृतदेह मिळाले, ५७ जण सापडलेच नाहीत. वर रस्ता नव्हता, यंत्रे चढू शकली नाहीत, माणसांनी कुदळ-फावड्यांनी आणि हातांनी माती उपसली. अंधारात, भर पावसात ती निसरडी चढण चढून गेलेल्यांमध्ये परिसरातले गिर्यारोहक होते. ज्यांच्या चुलीवरची भाकरी खाल्ली त्यांच्यासाठी ते धावले होते.

शनिवारी पाय घसरलेल्या शहरी मुलाला दरीतून वर काढायला हीच मंडळी जातात. लोणावळ्याची शिवदुर्ग मित्र, खोपोलीची यशवंती हायकर्स, महाबळेश्वर ट्रेकर्स या संघांमध्ये रिक्षावाले आहेत, दुकानदार आहेत, नोकरी करणारे आहेत. ते स्वयंसेवक आहेत. स्ट्रेचर खांद्यावर घेऊन उतरणारा माणूस सोमवारी सकाळी पुन्हा आपल्या कामावर असतो. त्यांचे दोर, हार्नेस आणि विमा हा राज्याच्या अंदाजपत्रकातला हक्काचा खर्च असायला हवा.

कागदावर बरेच काही झाले आहे. ऑगस्ट २०२१मध्ये राज्याने साहसी पर्यटनाचे धोरण आणले. जमीन, पाणी आणि हवा अशा तिन्ही प्रकारच्या उपक्रमांसाठी आयोजकांना नोंदणी सांगितली, प्रशिक्षित प्रमुख आणि सुरक्षेचे नियम घालून दिले. तरीही प्रत्येक पावसाळ्यात दुर्घटना झाली की प्रशासनाचा हात पहिल्यांदा बंदीच्या आदेशाकडे जातो. धबधबे बंद, धरणांचे काठ बंद, सायंकाळी सहानंतर पर्यटनस्थळे बंद. मुसळधार पावसाच्या इशाऱ्याच्या दिवशी बंदी हवीच, त्याबद्दल वाद नाही. पण सरसकट दोन-तीन महिन्यांच्या बंदीने गर्दी घरी बसत नाही, शेजारच्या तालुक्यातल्या बिननावाच्या ओढ्यावर जाते, जिथे पोलीस नसतात आणि वाटाड्याही नसतो. शिवाय ज्या गावाचे वर्षाचे निम्मे उत्पन्न त्या आठ रविवारांवर अवलंबून असते, त्याला शिक्षा होते ती वेगळीच.

भटकणाऱ्यांनीही नकाशाचा उरलेला भाग उघडावा. बागलाणात साल्हेर आहे, १५६७ मीटर उंचीचा, राज्यातला सर्वांत उंच किल्ला. सातमाळा रांगेत धोडप, कांचना, इंद्राई, राजधेर, रावळ्या-जावळ्या एका ओळीत उभे आहेत आणि हिवाळ्यातल्या शनिवारीही तिथे अनेकदा हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसे भेटतात. विदर्भात गाविलगड आणि नरनाळा आहेत. डिसेंबर-जानेवारीत कोकणातून देशावर चढणाऱ्या घाटवाटा आहेत. नाणेघाटासारख्या सातवाहनकालीन वाटेवर तर दगडी रांजण आणि लेण्यातला शिलालेख आजही बघता येतो. या वाटांना मुहूर्त लागत नाही, फक्त फेब्रुवारीनंतर उन्हाचा विचार करावा आणि टाक्यांच्या भरवशावर न राहता माणशी चार लिटर पाणी बरोबर घ्यावे.

गर्दीच्या ठिकाणी सरसकट बंदीऐवजी शिस्त आणायची, तर सुरुवात देवकुंड, कुंडमळा किंवा भुशीसारख्या एकाच जागेपासून करता येईल. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांसाठी गावातली सहा माणसे पगारावर नेमायची. दोघांनी प्रवाहाच्या वरच्या अंगाला वॉकीटॉकी घेऊन बसायचे, दोघांनी डोहापाशी, दोघांनी गाडीतळावर माणसे मोजून आत सोडायची. पाणी गढूळ झाले की वरून निरोप, खाली शिट्टी, दहा मिनिटांत डोह रिकामा. त्यांचा पगार गाडीतळाच्या शुल्कातून निघू शकतो आणि बंदीचा आदेश कुठल्या दिवशी काढायचा, हे जिल्हाधिकारी कार्यालयाला सांगण्याचा पहिला अधिकार याच सहा जणांना असावा.